कतारच्या उथळ समुद्रातील डुगाँग

कतारचे द्वीपकल्प आखाताच्या पाण्यात उत्तरेकडे सुमारे १६० किलोमीटर घुसलेले आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यापासून बहरीनच्या बेटांपर्यंतचा समुद्र अतिशय उथळ आहे. कित्येक ठिकाणी पाणी दहा मीटरही खोल नाही आणि तळाशी वाळूत समुद्री गवताची कुरणे पसरलेली आहेत. या कुरणांवर डुगाँग चरतो. स्थानिक लोक त्याला समुद्रातली गाय म्हणतात आणि मराठीतही समुद्रगाय हेच नाव रूढ आहे. डुगाँगची जगातली सर्वांत मोठी संख्या ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. त्याखालोखाल क्रम लागतो तो या आखाताचा, म्हणजे कतार, बहरीन, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांच्या सामाईक पाण्याचा.

डुगाँग हा पूर्णपणे समुद्रात राहणारा आणि पूर्णपणे वनस्पतींवर जगणारा सस्तन प्राणी आहे. अशी जीवनपद्धती असलेली दुसरी एकच जात मानवाने पाहिली, ती म्हणजे बेरिंग समुद्रातली स्टेलरची समुद्रगाय. गेऑर्ग स्टेलर या निसर्गअभ्यासकाने १७४१ मध्ये तिची पहिल्यांदा नोंद केली आणि शिकारीमुळे १७६८ पर्यंत ती नामशेष झाली. शोध लागल्यापासून अवघ्या २७ वर्षांत एक अवाढव्य प्राणी संपला. डुगाँगचा विचार करताना त्याच्या या नातेवाइकाचा विसर पडू देता कामा नये. अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेतले मॅनाटी हे दूरचे भाऊबंद आजही आहेत, पण ते नद्या आणि खाड्यांतही राहतात. जमिनीवरच्या प्राण्यांत डुगाँगला सर्वांत जवळचा आहे तो हत्ती. प्रौढ नर डुगाँगच्या वरच्या ओठाखालून बाहेर डोकावणारे दोन आखूड सुळे हे हत्तीच्या सुळ्यांप्रमाणेच पुढच्या दातांपासून झालेले असतात.

पूर्ण वाढलेला डुगाँग सुमारे तीन मीटर लांब आणि चारशे किलो किंवा त्याहून अधिक वजनाचा असतो. शेपूट देवमाशासारखी दुभंगलेली आणि आडवी, पुढचे पाय वल्ह्यासारखे, मागचे पाय नाहीतच. नाकपुड्या थुंतणीच्या वरच्या टोकाला असतात, त्यामुळे श्वासासाठी डोक्याचा थोडासा भाग वर काढला तरी पुरते. दर दोन-तीन मिनिटांनी तो असा वर येतो आणि पुन्हा खाली जातो. लांबून पाहणाऱ्याला क्षणभर एक करडा उंचवटा दिसतो, इतकेच. त्याची हाडे विलक्षण भरीव असतात. बरगड्यांत मज्जेची पोकळी जवळजवळ नसते. फुप्फुसे पाठीच्या कण्याखाली लांबवर आडवी पसरलेली असतात. जड हाडे खाली ओढतात, हवेने भरलेली फुप्फुसे वर उचलतात आणि या दोहोंच्या तोलामुळे हा धिप्पाड प्राणी फारसे बळ न लावता तळाशी आडवा तरंगत चरू शकतो.

चरण्यासाठीच घडवल्यासारखे त्याचे तोंडही आहे. थुंतणी खाली वळलेली, वरचा ओठ रुंद, मांसल आणि राठ केसांनी भरलेला. डोळे लहान, नजर बेताचीच. गढूळ पाण्यात गवत शोधण्याचे काम हे केस करतात. शरीरभर विखुरलेल्या केसांनाही स्पर्शज्ञान असते. डुगाँग पाने कुरतडत नाही, मुळांसकट गवत उपटतो, कारण आखूड जातींच्या गवतात पिष्टमय साठा वाळूखालच्या खोडांत असतो. तो पुढे सरकत जातो आणि मागे वाळूत काही मीटर लांबीची वळणावळणाची उघडी पट्टी राहते. ओहोटीला किंवा ड्रोनमधून या पट्ट्या स्पष्ट दिसतात. डुगाँग स्वतः दृष्टीस पडला नाही तरी तो इथे येऊन गेला, हे त्यांवरून सांगता येते. दिवसाला २५ ते ४० किलो गवत त्याला लागते. ते पचवायला लांबलचक आतडे असते आणि पचनही सावकाश चालते.

आखातात समुद्री गवताच्या तीनच जाती प्रामुख्याने आढळतात: हॅलोड्यूल युनिनर्व्हिस, हॅलोफिला स्टिप्युलेशिया आणि हॅलोफिला ओव्हॅलिस. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती खरीखुरी सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात, फुले येतात, बिया धरतात आणि हे सगळे पाण्याखाली घडते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचावा लागतो, म्हणून ही कुरणे उथळ आणि नितळ पाण्यातच वाढतात. आखातात त्यांचे ज्ञात क्षेत्र सुमारे ७,००० चौरस किलोमीटर आहे. याच कुरणांत कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात, हिरवी समुद्री कासवे चरतात आणि मेलेल्या पानांतला कार्बन वाळूत गाडला जातो. दोहाच्या मासळी बाजारात येणाऱ्या मालाचा काही भाग कधी ना कधी या गवतात लपून मोठा झालेला असतो.

डुगाँग या कुरणांचा नुसता उपभोक्ता नाही. अँथनी प्रीन या ऑस्ट्रेलियन संशोधकाने मोर्टन उपसागरातल्या कळपांच्या निरीक्षणावरून दाखवून दिले की कळप एकाच पट्ट्यात वारंवार चरले की तिथे सावकाश वाढणाऱ्या, चिवट गवताऐवजी झपाट्याने पसरणारे, कोवळे आणि अधिक पौष्टिक हॅलोफिला उगवते. म्हणजे शेतकरी पीक फिरवतो तसे डुगाँगचे चरणेच आपल्या आवडीचे गवत वाढवत राहते. कळप नाहीसा झाला तर कुरणही बदलते.

हेच प्रीन आखाताच्या इतिहासातही महत्त्वाचे ठरले. १९८३ मध्ये इराण-इराक युद्धाच्या काळात नौरूझ तेलक्षेत्रातल्या विहिरींतून महिनोन्महिने कच्चे तेल समुद्रात वाहत राहिले. त्यानंतर सौदी आणि बहरीनच्या किनाऱ्यांवर मेलेले डुगाँग येऊन लागले. त्यांची संख्या तीसच्या वर गेली. तोपर्यंत आखातात डुगाँग नावापुरतेच उरले असावेत, असा समज होता. मग इतके मृतदेह आले कुठून? उत्तर शोधण्यासाठी प्रीन यांनी विमानातून पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष थक्क करणारे होते. १९८६ च्या पाहणीवरून आखाताच्या पश्चिम व दक्षिण भागात सुमारे ५,८०० ते ७,३०० डुगाँग असल्याचा अंदाज निघाला. आकड्यातला हा फरक मोजणीच्या पद्धतीमुळे येतो. गढूळ पाण्यात बुडी मारलेले प्राणी विमानातून दिसत नाहीत, त्यांच्यासाठी हिशेबात दुरुस्ती करावी लागते आणि ती किती करायची यावर मतभेद होतात.

त्याच वर्षी हिवाळ्यात कतार आणि बहरीन यांच्या मधल्या पाण्यात एकाच ठिकाणी ६७४ डुगाँगांचा कळप दिसला. डुगाँगांचा इतका मोठा कळप जगात कुठेही नोंदला गेलेला नव्हता. बहुतेक ठिकाणी हा प्राणी एकट्याने किंवा आई आणि पिल्लू असा जोडीने दिसतो. त्यामुळे काहींना वाटले, हा एखादा अपवादात्मक मेळा असावा. तीन दशकांनंतर कतार विद्यापीठ, एक्सॉनमोबिल रिसर्च कतार आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे संशोधक यांनी कतारच्या वायव्य किनाऱ्यावर पाहणी केली, तेव्हा तिथे अजूनही शेकडोंच्या संख्येने डुगाँग एकत्र जमतात हे सिद्ध झाले आणि २०१८ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्धही झाले. १९८६ चा कळप योगायोग नव्हता.

इतके प्राणी एकाच जागी का जमतात, याचे एक संभाव्य कारण पाण्याच्या तापमानात आहे. हे आखात सरासरी ३५ मीटरच खोल असल्याने उन्हाळ्यात चटकन तापते आणि हिवाळ्यात चटकन थंड होते. ऑगस्टमध्ये पाणी ३५ अंशांवर जाते, जानेवारीत उथळ भागात १५-१६ अंशांपर्यंत उतरते. डुगाँग हा उष्ण कटिबंधातला प्राणी. साधारण १८ अंशांखालचे पाणी त्याला मानवत नाही. त्यामुळे हिवाळ्यात जिथे पाणी थोडेफार उबदार राहते आणि शेजारी चराई आहे, अशा मोजक्या जागी कळप गोळा होत असावेत. खारटपणाचाही इथे कळस आहे. खुल्या महासागरात एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कतारच्या नैर्ऋत्येला असलेल्या सल्वा आखातात हे प्रमाण ५५ ते ७० ग्रॅमपर्यंत चढते. पाऊस जवळजवळ नाही, नदी नाही, बाष्पीभवन प्रचंड. अशा पाण्यात गवताच्या तीनच जाती टिकाव धरतात आणि त्याही सहनशक्तीच्या टोकाला उभ्या असतात. इथल्या डुगाँगच्या अस्तित्वाची नाजूक बाजू हीच आहे: गवताला आणखी ताण सोसण्याची जागा शिल्लक नाही.

भूशास्त्राच्या दृष्टीने हे आखात अगदी अलीकडचे आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती तेव्हा आखाताचा तळ कोरडा होता. पाणी परत आले, गवत आले आणि गवतामागून डुगाँग आले. मात्र या भूमीशी त्यांच्या कुळाचा संबंध त्याहून फार जुना आहे. कतारच्या नैर्ऋत्येला अल मस्हाबिया नावाच्या ठिकाणी वाळवंटातल्या खडकांत समुद्रगायींची हाडे विपुल आहेत. १९७० च्या दशकात भूवैज्ञानिकांना ती दिसली, तेव्हा ती सरपटणाऱ्या प्राण्यांची असावीत, असे वाटले होते. स्मिथसोनियन संस्थेचे निकोलस पायनसन आणि कतार म्युझियम्सचे फरहान साकाल यांच्या चमूने तिथे १७० हून अधिक जागी हाडे नोंदवली. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी त्यातून साल्वासायरन कतारेन्सिस ही नवी प्रजाती जाहीर केली. ती २.१ कोटी वर्षांपूर्वीची आहे. हा प्राणी आजच्या डुगाँगपेक्षा बराच लहान, सुमारे ११० किलोंचा होता. थुंतणी अधिक सरळ, सुळे लहान आणि मागच्या पायांची हाडे अजून पुरती नाहीशी झालेली नव्हती. इतकी हाडे एकत्र सापडतात त्याअर्थी तेव्हाही इथे उथळ समुद्र होता, गवत होते आणि ते खाणारे प्राणी मोठ्या संख्येने होते. आज डुगाँग जे काम करतो ते या प्रदेशात दोन कोटी वर्षांपूर्वीही कुणीतरी करत होते. प्रजाती बदलली, पण तिची भूमिका कायम राहिली.

माणसाशी गाठही जुनीच आहे. अमिरातीतल्या उम्म अल कुवेनच्या किनाऱ्याजवळ अकाब बेटावर पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा डुगाँगच्या हाडांचा ढीग सापडला. त्यात सुमारे चाळीस प्राण्यांचे अवशेष आहेत. कवट्या आणि बरगड्या हेतुपूर्वक रचलेल्या आहेत, मधूनमधून मणी आणि दागिने ठेवले आहेत. अभ्यासक ते पूजास्थान मानतात. पुढच्या काळात मोती काढणाऱ्या आणि मासेमारी करणाऱ्या वस्त्यांनी डुगाँगचे मांस खाल्ले, कातडे आणि चरबी वापरली. अन्न दुर्मीळ असलेल्या किनाऱ्यावर एका जनावरातून शेकडो किलो मांस मिळे. त्या काळातल्या शिडाच्या बोटी आणि भाल्यांनी कळप संपले नाहीत. तेल सापडले, यांत्रिक बोटी आल्या, नायलॉनची जाळी आली, तेव्हा चित्र पालटले.

डुगाँगवरचे मोठे संकट आता शिकारीचे नाही, जाळ्यांचे आहे. पाण्यात भिंतीसारखी उभी सोडलेली गळफासी जाळी दुसऱ्याच माशांसाठी असतात, पण रात्री चरायला निघालेला डुगाँग त्यात अडकतो. त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. जाळ्यात गुरफटला की काही मिनिटांतच तो गुदमरून मरतो. तुटून वाहत जाणारी, कुणीच परत न घेतलेली जाळीही वर्षानुवर्षे मारत राहतात. वेगवान बोटींची धडक हे दुसरे कारण. उथळ पाण्यात डुगाँगला खाली जायला जागा नसते आणि पळून जाण्याइतका वेग त्याच्यात नसतो.

एखाद-दुसरा डुगाँग मेल्याने काय बिघडते, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर त्याच्या प्रजननात आहे. डुगाँग सत्तर वर्षांपर्यंत जगू शकतो, पण मादीला पहिले पिल्लू होते तेच सहा ते सतरा वर्षांच्या वयात. गर्भारपण तेरा ते पंधरा महिन्यांचे, एका वेळी एकच पिल्लू आणि ते दीड वर्षापर्यंत आईचे दूध पीत तिच्या पाठीशी-पोटाशी राहते. दोन पिल्लांत अडीच ते सात वर्षांचे अंतर पडते. गवत कमी झाले तर हे अंतर आणखी वाढते. सगळे काही अनुकूल असले तरी डुगाँगांची संख्या वर्षाला सुमारे पाच टक्क्यांपेक्षा जास्त वेगाने वाढू शकत नाही. डुगाँगवर आयुष्यभर काम केलेल्या ऑस्ट्रेलियातल्या हेलेन मार्श यांच्या अभ्यासातून असे निघाले की माणसाच्या कृतीमुळे दरवर्षी प्रौढ माद्यांपैकी एक-दोन टक्क्यांहून अधिक मेल्या तर त्या भागातली संख्या घटू लागते. शंभर माद्यांच्या कळपात वर्षाला दोन-तीन जाळ्यात अडकल्या, एवढ्यानेही ऱ्हास सुरू होतो. तो दशकभर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण जुने प्राणी दिसतच राहतात.

जाळी प्राण्याला थेट मारतात, तर किनाऱ्यावरची बांधकामे त्याचे अन्न हिरावून घेतात. समुद्र भरून जमीन करणे आणि बंदरांसाठी तळ उपसणे ही कामे आखातात सगळीकडे झाली. दोहाचा पर्ल हा निवासी भाग समुद्र भरूनच उभा राहिला आहे. उपशाने उडालेला गाळ पाण्यात तरंगत राहतो, प्रकाश अडवतो आणि प्रत्यक्ष काम चालू नसलेल्या ठिकाणचे गवतही त्यामुळे मरते. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांतून आधीच खाऱ्या असलेल्या समुद्रात आणखी खारट आणि कोमट पाणी सोडले जाते. कतारमध्ये नद्या नाहीत, पिण्याचे बहुतेक पाणी असेच मिळते. त्यामुळे हे प्रकल्प बंद करा, असे म्हणता येणार नाही. मात्र ते पाणी कुठे सोडायचे, किती विरळ करून सोडायचे आणि कुरणांपासून किती लांब, यावर बंधने घालता येतात. उन्हाळ्यातल्या तापमानवाढीवर स्थानिक पातळीवर फारसे काही करता येत नाही, म्हणूनच बाकीचे ताण कमी करणे अधिक निकडीचे ठरते.

डुगाँग हा जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत असुरक्षित गटात आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार बंदी आहे. स्थलांतरित प्राण्यांच्या करारांतर्गत डुगाँगसाठी २००७ मध्ये अबू धाबीत एक स्वतंत्र सामंजस्य करार झाला. त्याचे कार्यालयही तिथेच आहे. अबू धाबीने मारावाह बेटांभोवतीचा समुद्र संरक्षित केला असून अमिरातीच्या पाण्यात सुमारे तीन हजार डुगाँग असावेत, असा तिथल्या पाहण्यांचा अंदाज आहे. कतारच्या वायव्येला अल रीम हे जीवावरण राखीव क्षेत्र युनेस्कोने २००७ मध्ये मान्य केले. जागतिक वारसास्थळ असलेले झुबारा हे जुने मोत्यांच्या व्यापाराचे गाव याच भागात आहे. दोहातल्या राष्ट्रीय संग्रहालयाने समुद्री गवत आणि डुगाँगवर प्रदर्शन भरवले. २०२२ मध्ये संग्रहालयाजवळच्या अल मसरह पार्कमध्ये जेफ कून्स यांचे डुगाँगचे प्रचंड शिल्प उभे राहिले. लोकांच्या मनात या प्राण्याला जागा मिळू लागली आहे, ही मोठी गोष्ट आहे. मात्र बोटींवर जाळी ओढणारे बहुतेक खलाशी भारत, बांगलादेश अशा देशांतून आलेले असतात. अडकलेला प्राणी कसा सोडवावा, हे सांगायचे तर ते मल्याळम, तमिळ, बंगालीत सांगावे लागेल.

भारतातही या प्राण्याचे प्रश्न असेच आहेत, संख्या मात्र फारच थोडी. कच्छचे आखात, अंदमान-निकोबार आणि तमिळनाडूजवळची पाल्कची खाडी व मन्नारचे आखात एवढ्याच भागांत मिळून काही शे डुगाँग उरले आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्यांची वस्ती नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डुगाँग आहे आणि अंदमान-निकोबारचा तो राज्यप्राणी आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या खाडीत ४४८ चौरस किलोमीटरचे देशातले पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. जाळ्यात सापडलेला डुगाँग जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारांना तिथे जाहीरपणे गौरवले जाते. हा उपाय कागदी बंदीपेक्षा परिणामकारक आहे, कारण त्यात मच्छीमार गुन्हेगार ठरत नाही, साथीदार होतो.

कतारच्या बाबतीत सर्वांत अवघड गाठ सीमेची आहे. कळप फिरतात ते पाणी कतार, बहरीन आणि सौदी अरेबिया या तीन देशांत वाटलेले आहे. हवार बेटांवर कतार आणि बहरीन दोघांचाही दावा होता. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवार बहरीनला आणि झुबारा कतारला दिले. बेटे कतारच्या किनाऱ्याला अगदी खेटून असल्यामुळे डुगाँग एका दिवसात ही सीमा अनेकदा ओलांडू शकतो. २०१७ ते २०२१ या काळात सौदी अरेबिया आणि बहरीनने कतारशी संबंध तोडले होते. प्रत्येक देशाने आपापल्या पाण्यातले प्राणी मोजले तर तेच प्राणी दोनदा मोजले जाण्याचा किंवा अजिबात न मोजले जाण्याचा धोका असतो. तिन्ही किनाऱ्यांवर एकाच दिवशी, एकाच पद्धतीने विमान आणि ड्रोन उडाले पाहिजेत. विमानाच्या पाहण्यांचा हा मूलभूत नियम आहे आणि इथे तो पाळायचा तर तीन सरकारांची संमती लागते.

राजनैतिक संबंध सुधारल्यावर २०२३ मध्ये कतार आणि बहरीन यांनी दोन देशांना जोडणाऱ्या सागरी रस्त्याची जुनी योजना पुन्हा हाती घेण्याचे ठरवले. मूळ आराखड्यानुसार हा रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा आहे. बहरीनच्या अस्कर गावाजवळून निघून तो कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर, झुबाराच्या परिसरात उतरायचा आहे. त्यात सुमारे २२ किलोमीटर खांबांवरचे पूल आणि १८ किलोमीटर समुद्रात भराव घालून केलेले बांध आहेत. दोन्हींत मोठा फरक आहे. खांबांखालून पाणी वाहत राहते, बांध ते अडवतो. सल्वा आखातात पाणी शिरण्याच्या वाटेवर सौदी अरेबिया आणि बहरीनमधला १९८६ मध्ये खुला झालेला किंग फहद कॉजवे आधीच आडवा आहे. दुसऱ्या बाजूनेही प्रवाह मंदावला तर दक्षिणेकडचे पाणी आणखी खारट होईल आणि सहनशक्तीच्या टोकाला असलेल्या गवताला त्याचा पहिला फटका बसेल. भरावासाठी लागणारी वाळू कुठून उपसायची, बांधाची लांबी कमी करून पुलाची किती वाढवायची आणि काम वर्षाच्या कोणत्या महिन्यांत थांबवायचे, हे निर्णय आराखडा पक्का होण्यापूर्वी घेता येतात. हिवाळी कळप कुठे जमतात, याच्या १९८६ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत आणि रस्त्याची रेषा नकाशावर अजून बदलता येण्याजोगी आहे.